लॅव्हेंडर, मेणबत्ती आणि फायर वॉच

चाकण, तळेगाव, भोसरी या पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात उघडी ज्योत लावायची म्हणजे आधी कागद लागतो. वेल्डिंग असो, गॅस कटिंग असो की ग्राइंडिंगच्या ठिणग्या, हॉट वर्क परमिटवर सह्या झाल्याशिवाय टॉर्च पेटत नाही. आजूबाजूचा दहा-अकरा मीटरचा भाग मोकळा करतात, हलवता येत नाही त्यावर फायर ब्लँकेट टाकतात, रिकामे पिंप आणि सिलिंडर लांब नेतात, अग्निशामक हाताशी ठेवतात. या सगळ्यात नवख्या माणसाला चमत्कारिक वाटते ती फायर वॉचची नेमणूक. काम दुसराच करत असतो, याने फक्त बघत राहायचं. हातभार लावायचा नाही, पाना आणून द्यायचा नाही, फोन काढायचा नाही, जागा सोडायची नाही. वेल्डर टॉर्च विझवून जेवायला गेला तरी किमान अर्धा तास, कित्येक कंपन्यांत तासभर, हा तिथेच. औद्योगिक सुरक्षेचं काम करणाऱ्याची नजर घरी आल्यावर बदलत नाही. त्यामुळे मारुंजीतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या टेबलावर जांभळ्या लेबलाची, काचेच्या ग्लासातली लॅव्हेंडर मेणबत्ती दिसली की आमच्या डोक्यात वासाआधी दुसराच प्रश्न येतो: हिच्याजवळ बसणार कोण? माझं म्हणणं त्या प्रश्नातूनच निघतं. या मेणबत्तीने थकलेल्या माणसाला विसावा मिळतो हे खरं आहे, पण त्यात लॅव्हेंडरचा वाटा थोडा आणि जवळ बसून राहण्याचा फार मोठा आहे.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला खेटलेलं गाव. पूर्वीच्या भातखाचरांच्या आणि उसाच्या वावरांच्या जागी आता वीस-वीस मजली टॉवर आहेत, आणि एकाच मजल्यावर दोन तऱ्हांची दमलेली माणसं राहतात. एक रात्री उशिरापर्यंत अमेरिकेच्या कॉलवर असतं, दुसरं पहाटे चाकणच्या कंपनी बससाठी रस्त्यावर उभं असतं. दोघांच्याही वाटेत भूमकर चौकातली आणि लक्ष्मी चौकातली वाहतूक कोंडी असतेच. शारीरिक दमणूक झोपेने भरून निघते. या माणसांची तक्रार वेगळी असते: घरी पोचलो तरी काम थांबल्यासारखं वाटत नाही. लॅपटॉप मिटला तरी टीमचा ग्रुप चालू असतो, शॉप फ्लोअरवरून सुटलं तरी लाइन अडली की फोन येतो. या तक्रारीवर बाजाराने जे उपाय आणले त्यांत सुगंधी मेणबत्ती सर्वांत स्वस्त. गंमत अशी की वीस वर्षांपूर्वी याच पट्ट्यात मेणबत्ती हा लोडशेडिंगचा जिन्नस होता. स्वयंपाकघरातल्या खणात काडेपेटीशेजारी पांढऱ्या मेणबत्त्यांचा पुडा असे आणि ती लावण्यात कुणालाही सुख वाटत नसे. लाईट आली की घरभर जल्लोष होई आणि मेणबत्ती फुंकून परत खणात जाई. आज सोसायटीला जनरेटर आहे, अंधार आपणहून येत नाही, तर माणसं बटणं बंद करून तो मुद्दाम करतात आणि वर दोनशे-तीनशे रुपये मोजतात. यात हसण्यासारखं आहे, पण वेडेपणा नाही, कारण ती माणसं नेमकं काय विकत घेतात हे बघण्यासारखं आहे.

आधी लॅव्हेंडरचं पाहू. त्याच्या तेलात मुख्य द्रव्यं दोन, लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. लिनालूलच्या बाजूने पुरावा नाही असं म्हणता येत नाही. जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की लिनालूलचा नुसता वास दिलेल्या उंदरांमध्ये घाबरटपणा कमी होतो, आणि ज्यांची वास घेण्याची क्षमताच काढून टाकली होती त्या उंदरांवर हा परिणाम होत नाही; म्हणजे परिणाम नाकातून होतो. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेच्या विकारावर दिली जाते, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिची तुलना लोराझेपाम या झोपाळू करणाऱ्या नेहमीच्या औषधाशी केली तेव्हा ती कमी पडली नव्हती. पण कॅप्सूल गिळायची असते आणि तिच्यात किती तेल आहे ते ठरलेलं असतं. मेणबत्तीचा हिशेब करून पाहावा. साधारण मेणबत्ती तासाला सहा ग्रॅमच्या आसपास मेण जाळते. सुगंधी मेणबत्तीत वजनाच्या सहा ते दहा टक्के सुगंध मिसळलेला असतो. म्हणजे तासाला साधारण अर्धा ग्रॅम सुगंध मोकळा होतो, त्यातला वातीतून वर चढणारा भाग ज्योतीतच जळून जातो, आणि नाकापर्यंत येतं ते वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून उडालेलं. शिवाय तो सुगंध बहुधा कारखान्यात बनवलेला असतो. खरं लॅव्हेंडर तेल आपल्याकडे जम्मूच्या भदेरवाह भागात होतं. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमुळे तिथले शेतकरी मका सोडून त्याकडे वळले. पण त्या तेलाचा लिटरचा भाव हजारांत असतो आणि दोनशे रुपयांच्या ग्लासात ते कितीसं येणार? लिनालूलच हवं असेल तर ते धन्याच्या तेलातलंही मुख्य द्रव्य आहे, पण गोडा मसाला भाजताना घरात कुणाला डुलकी लागल्याचं ऐकिवात नाही.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास आयर्लंडमधला आहे. हॉवर्ड आणि ह्यूज या संशोधकांनी २००८ साली निरोगी तरुण स्त्रियांना ताण येईल असं काम दिलं आणि नंतर त्यांचं शरीर किती शांत होतं ते मोजलं. काहींना लॅव्हेंडरचा वास दिला, काहींना दुसरा, काहींना कुठलाच नाही. शिवाय वासाने काय होईल याबद्दलच्या सूचना वेगवेगळ्या दिल्या. वासाचा स्वतंत्र परिणाम त्यांना आढळला नाही. जो फरक होता तो आधी मनात घातलेल्या अपेक्षेशी बांधलेला होता. सुगंधाच्या अभ्यासांची मूळ अडचणच ही आहे. गोळीच्या चाचणीत खरी कोणती आणि साखरेची कोणती हे लपवता येतं. वास लपवता येत नाही. लॅव्हेंडर आलं हे नाकाला कळतं, आणि लॅव्हेंडर म्हणजे शांत होणं हे पाकिटावर छापलेलं असतंच. म्हणून वासाचा परिणाम शून्य आहे असं मी म्हणणार नाही, पण जांभळ्या लेबलाच्या जोरावर जेवढं श्रेय त्याला दिलं जातं तेवढं त्याच्याकडे जमा होत नाही. मग उरलेलं श्रेय कुणाचं, याचा शोध घ्यायला हवा, कारण मेणबत्ती लावणाऱ्यांना बरं वाटतं ही गोष्ट काही खोटी नाही.

थोडं श्रेय अंधाराला जातं, आणि तिथे आकडे स्पष्ट आहेत. एका मेणबत्तीचा उजेड सुमारे १३ ल्यूमेन. छतावरच्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बचा नऊशेच्या घरात. मेणबत्तीपासून मीटरभर अंतरावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत साधारण एक लक्स प्रकाश पोचतो. आमच्याकडे कारखान्यातल्या वाटेवर, जिथे फक्त चालायचं असतं, तिथेही याच्या कितीतरी पट उजेड लागतो. २०११ साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी शंभराहून अधिक निरोगी माणसांवर हे तपासलं. झोपण्याआधी नेहमीच्या घरगुती उजेडात, म्हणजे दोनशे लक्सच्या आत, बसलेल्यांच्या शरीरात झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा वाहू लागलं आणि अगदी मंद, तीन लक्सखालच्या उजेडाच्या तुलनेत त्याचा काळ सुमारे दीड तासाने आखडला. मेणबत्तीचा एक लक्स या मंद गटात बसतो. पण हे तेव्हाच, जेव्हा ट्यूब बंद असते, टीव्ही बंद असतो आणि मोबाइल तोंडासमोर नसतो. झगझगीत हॉलमध्ये, मालिका चालू असताना कोपऱ्यात जळणारी लॅव्हेंडर मेणबत्ती ही फक्त शोभा. आणखी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. मेणबत्ती लावली की पंखा बंद करावा लागतो, नाहीतर ज्योत फडफडते, काजळी धरते आणि वास वाऱ्यावर जातो. आपल्या घरांत पंख्याची घरघर बारा महिने चालू असते, इतकी की ती ऐकूच येत नाही. ती थांबली की खोली एकदम निराळी होते. अर्थात यामुळेच ही चैन इथे दिवाळी ते शिवरात्र एवढीच. एप्रिलमध्ये मारुंजीच्या अठराव्या मजल्यावर पंखा बंद करून बसण्याला विश्रांती म्हणता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यात फायर वॉच म्हणून उभ्या राहिलेल्या कामगारांची एकच तक्रार असते, कंटाळा येतो. काम करणाऱ्याला वेळ कळत नाही, बघणाऱ्याला सरता सरत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने कंटाळा हा आमचा शत्रू, कारण कंटाळलेला माणूस फोन काढतो, गप्पा मारतो, चहाला जातो आणि नेमकी तेव्हाच ठिणगी केबलच्या चरात पडते. म्हणून त्याला दर काही वेळाने बदलायची पद्धत असते. पण घरात, दिवसभर चार स्क्रीनवर डोळे फिरवून आलेल्या माणसाला हाच कंटाळा दुर्मीळ झालेला आहे. ज्योतीजवळ बसलेल्याच्या वाट्याला आलेलं काम विलक्षण आहे: ते जबाबदारीचं आहे, त्यामुळे उठून जाता येत नाही; आणि त्यात करायचं काहीच नाही, त्यामुळे डोकं शिणत नाही. त्यातून उत्पादन निघत नाही, त्याचा अहवाल द्यायचा नाही, ते लवकर उरकता येत नाही. नुसतं 'अर्धा तास स्वस्थ बस' म्हटलं तर माणूस पाच मिनिटांत कपडे घडी करायला उठतो, कारण स्वस्थ बसण्याला कारण नसतं. मेणबत्ती ते कारण पुरवते. ज्योतीकडे नजर कशी खिळते हे सांगायला शास्त्राची गरज नाही, पण मायकेल फॅरेडेने १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लहान मुलांसमोर अख्खी सहा व्याख्यानं एका मेणबत्तीवर दिली होती, आणि तिच्यात बघण्यासारखं संपलं म्हणून ती थांबली नाहीत.

हे म्हणणं कुणाला ओढूनताणून आणलेलं वाटेल. वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेली सूचना, जळती मेणबत्ती सोडून जाऊ नये, हाच विसाव्याचा गाभा आहे असं मी म्हणतो, तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्याला सगळीकडे नियमच दिसतात असा आरोप होणार. पण आपल्या घरांत हा नियम लॅव्हेंडरच्या फार आधीपासून आहे. नवरात्रात नंदादीप अखंड ठेवायचा तर घर कुलूपबंद करून जात नाहीत. कुणीतरी घरी राहतं, तेल घालतं, काजळी झटकतं, रात्री उठून पाहतं. गणपती बसलेले असताना घर रिकामं ठेवत नाहीत. याचा धार्मिक अर्थ आहे तो आहेच; पण व्यवहारात पाहिलं तर उघडी ज्योत आणि तिच्याशेजारी एक माणूस ही जोडी फोडायची नाही, असाच तो दंडक आहे. आणि घरातल्या ज्या म्हातारीकडे हे काम येई तिच्या दिवसातला निवांत वेळ बहुधा तोच असे. तिला कुणी 'जरा हे कर' म्हणत नसे, कारण ती दिव्याजवळ बसलेली असे.

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने घरगुती मेणबत्त्यांच्या आगींची मोजदाद केलेली आहे. पाचातल्या तीन आगींत ज्योतीजवळ पेट घेईल अशी वस्तू ठेवलेली होती, आणि साधारण एक तृतीयांश आगी बेडरूममध्ये लागल्या. विश्रांतीसाठी मेणबत्ती लावायची जागा म्हणून पाकिटांवर जे चित्र असतं ते नेमकं बेडरूमचंच. उशाशी टेबल, वर मेणबत्ती, शेजारी पडदा, आणि झोप लागावी हीच अपेक्षा. याला आमच्या भाषेत फायर वॉचने ड्यूटीवर झोपणं म्हणतात. ज्यांची श्रद्धा लॅव्हेंडरवर असते ते असंच करतात, कारण औषध वासात असेल तर आपण जागं असण्याची गरज काय? ती पेटवायची आणि आंघोळीला जायचं, किंवा पेटवायची आणि डोळे मिटायचे. म्हणूनच 'फरक पडतोय ना, मग कारणाची चिरफाड कशाला' हा आक्षेप मला मान्य होत नाही. कारण चुकीचं धरलं तर वापर चुकीचा होतो. वासाने गुण येतो असं मानणारा महागडी मेणबत्ती घेऊन तिच्यापासून दूर जातो. बसून राहण्याने गुण येतो हे कळलेला साधी पांढरी मेणबत्ती पितळी ताटलीत ठेवून तिच्याजवळ बसतो, आणि झोप आली की आधी ती विझवतो.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. आपल्याकडे उदबत्ती, धूप, समई हे सगळं असताना युरोपातल्या झाडाचा वास कशाला? समईच्या बाबतीत माझी तक्रार नाही. तिळाच्या तेलाची एक वात मेणबत्तीइतकाच मंद उजेड देते आणि बूड जड असल्याने ती सहजी कलंडतही नाही. उलट रुंद बुडाची समई ही ज्योतीसाठी माणसाने केलेल्या उत्तम उपकरणांपैकी एक आहे. पण उदबत्ती घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी आहे ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. जळलेल्या प्रत्येक ग्रॅममागे उदबत्ती सरासरी ४५ मिलिग्रॅमहून जास्त सूक्ष्म कण हवेत सोडते; सिगारेटचा आकडा दहाच्या आसपास आहे. नीट जळणारी मेणबत्ती दोघींपेक्षा बरी. शिवाय उदबत्तीजवळ कुणी बसत नाही. ती लावून माणूस निघून जातो, म्हणजे मी ज्याला गुण म्हणतो तो तिच्यात नाहीच.

हवेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि मारुंजीत तो अधिकच खरा. इथे एका बाजूला बांधकामं, दुसऱ्या बाजूला तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लँटांकडे जाणारे मिक्सर आणि डंपर. धूळ आणि डास यांच्यापायी खिडक्या संध्याकाळपासून बंद असतात. बंद खोलीत ज्योत म्हणजे तिचे अतिसूक्ष्म कण, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सगळं आतच. डेन्मार्कमध्ये लोक मेणबत्त्या अपार जाळतात, आणि तिथल्याच आरहूस विद्यापीठाने सौम्य दमा असलेल्या तरुणांना मेणबत्त्यांच्या आणि स्वयंपाकाच्या धुराच्या खोलीत बसवून पाहिलं, तर त्यांना त्रास जाणवला आणि रक्तातही बदल दिसले. ज्या घरात दमेकरी आहे त्या घरात मी मेणबत्तीचा सल्ला देणार नाही, मग ती सोयाच्या मेणाची असो वा मधमाश्यांच्या; पॅराफिन विषारी आणि सोया निर्मळ हा भेद जाहिरातीत जेवढा ठळक असतो तेवढा ज्योतीत राहत नाही. इतरांनी वात पाच-सहा मिलिमीटरवर कापावी, एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि एका वेळी एकच ज्योत लावावी. काजळी होते ती लांब वातीने आणि झोताच्या वाऱ्याने, आणि ती दिसली की समजावं, ज्वलन अपुरं आहे. लिनालूल हवेत ऑक्सिडाइझ होऊन त्वचेला ॲलर्जी देऊ शकतं, म्हणून युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर त्याचं नाव छापावं लागतं. उघडा राहिलेला जुना ग्लास हाताळताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

मेणबत्तीचा विचार करताना या पट्ट्यातल्या माणसाला ८ डिसेंबर २०२३ विसरता येणार नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवण्याचा विनापरवाना कारखाना होता. तिथे स्फोट होऊन आग लागली, सहा कामगार त्याच दिवशी गेले, पुढे उपचार घेणाऱ्यांपैकी आणखी काही दगावले, आणि मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्या मेणबत्त्यांत फटाक्याची दारू असते. लॅव्हेंडरच्या मेणबत्तीशी तिचा रासायनिक संबंध नाही, आणि दोन्ही एका तराजूत टाकणं अन्यायाचं होईल. पण घरातली निवांत संध्याकाळ आणि पत्र्याच्या शेडमधली मेणबत्तीची निर्मिती यांत किती अंतर असू शकतं, ते मात्र त्यातून कळतं. उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी दृष्टी गेल्यानंतर १९९०च्या दशकात सुरू केलेल्या सनराइज कँडल्समध्ये दृष्टिहीन कामगार गरम मेणाचं काम करतात. डोळ्यांनी न दिसणारी माणसं वितळलेलं मेण ओततात आणि काम चालतं, याचा अर्थ धोका मेणात कमी आणि कामाच्या मांडणीत जास्त असतो. घेणाऱ्याने वेष्टनावर बनवणाऱ्याचा पत्ता आहे का, एवढं तरी पाहावं.

सर्वांत वजनदार आक्षेप आमच्याच पेशातून येतो. सुरक्षेच्या कामात उपायांची उतरंड असते. धोका मुळातूनच काढून टाका; नाही जमलं तर कमी घातक पर्याय आणा; तेही नसेल तर यंत्राने, भिंतीने अडवा; मग नियम आणि पाळ्या; आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे, इअरप्लग. कारण शेवटच्या पायरीवर सगळी जबाबदारी कामगाराच्या अंगावर पडते. दमलेल्या माणसाला मेणबत्ती देणं ही ती शेवटची पायरीच आहे. दिवाळीच्या भेटीत किंवा आरोग्य सप्ताहात कंपनी लॅव्हेंडरच्या मेणबत्तीचा डबा देते आणि पाळ्यांचं वेळापत्रक तसंच ठेवते, तेव्हा यंत्राचा आवाज कमी न करता कापूस वाटल्यासारखं होतं. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ साली ते वर्गीकरण कायम ठेवलं. सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पाळी पुढे सरकवली तर शरीराला ती उलट क्रमापेक्षा कमी जड जाते, हे कित्येक वर्षं माहीत आहे आणि त्याला खर्चही येत नाही. रात्री आठनंतर फोन करायचा की नाही हे कुठल्याही मॅनेजरला एका ओळीच्या मेलने ठरवता येतं. हे सगळं मेणबत्तीच्या वरच्या पायऱ्यांवरचं आहे आणि तेच आधी व्हायला हवं.

पण म्हणून मेणबत्ती फेकून द्यावी का? शॉप फ्लोअरवर आठ तासांच्या आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. प्रेस शॉपमधला आवाज त्यावर गेला तर प्रेसभोवती आवाजरोधक कोठडी बांधायची असते. पण तिचं बजेट मंजूर होईपर्यंत आम्ही कामगाराला इअरप्लग काढायला सांगत नाही. तो नीट बसलाय ना, हे मात्र बघतो, कारण कानाबाहेर लोंबणारा इअरप्लग नसल्यापेक्षा वाईट. तो सुरक्षित असल्याचा भास देतो. मेणबत्तीलाही तीच कसोटी लागते. ती पेटवून शेजारी लॅपटॉप उघडला तर ती लोंबणारा इअरप्लग. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्याला तर तिचा काहीच उपयोग नाही. त्याला जाड पडदे हवेत, घरातल्यांनी मिक्सर उशिरा लावायला हवा आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल सोसायटीने दुपारनंतरच चालू द्यायला हवं. या माणसापुढे लॅव्हेंडरची गोष्ट काढणंही निर्दयपणाचं आहे.

राहता राहिली बॅटरीवरची मेणबत्ती. ती आगीच्या दृष्टीने निर्धोक, उजेडाच्या दृष्टीने बरी, आणि वासासाठी शेजारी डिफ्यूझर ठेवता येतो. माझ्या म्हणण्यात तथ्य असेल तर ती तरीही कमी पडायला हवी, आणि पडतेच, कारण तिच्यासाठी कुणालाही घरी थांबावं लागत नाही. टायमर लावून माणूस मोकळा होतो आणि मोकळा झाला की फोन उचलतो. तरीही ज्या घरात रांगतं मूल आहे, मांजर आहे किंवा रात्री उठून चाचपडत जाणारे आजोबा आहेत, तिथे हीच घ्यावी, आणि बसून राहायला दुसरं काहीतरी निमित्त काढावं. हिवाळ्यात मटार स्वस्त होतात. किलोभर घेऊन सोलायला बसलं की अर्धा तास कसाही जातो, दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे फोन वाजला तरी पटकन उचलता येत नाही.